लिस्बनमध्ये साडेतीन दिवस: आई, मिरी आणि वास्कोचं थडगं

माडाची वाडी

नमस्कार मंडळी. फ्रँकफर्टला येऊन आठ वर्षं झाली, पण 'वीकेंडला अमुक शहर' छापाचा धागा मी कधी काढला नाही. आमचे वीकेंड कपडे धुण्यात आणि लेकीच्या पोहण्याच्या क्लासात जातात. यंदा आई तीन महिन्यांसाठी आली होती. तिला विचारलं, पॅरिस की स्वित्झर्लंड? म्हणाली, "ते व्हॉट्सॅपवर सगळ्यांनी दाखवून झालंय. आपल्याकडे ते पोर्तुगीज आले ना, ते जिथून निघाले ते गाव दाखव."

थोडी पार्श्वभूमी. आमचं घर रेवदंड्याचं, म्हणजे अक्षरशः पोर्तुगीजांच्या तटबंदीच्या आत. वेशीतून एसटी आत शिरली की आमचं गाव सुरू. आई तिथेच जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होती. खाडीपलीकडे कोर्लई. तिथली ख्रिस्ती मुलं घरात जी बोली बोलतात तिला ती 'नॉ लिंग' म्हणतात, आपली भाषा. जुन्या पोर्तुगीजमध्ये मराठी मिसळून झालेली बोली आहे ती. तेव्हा लिस्बन आमच्यासाठी परकंही नव्हतं आणि आपलंही नव्हतं.

शुक्रवारी दुपारी उतरलो. घड्याळ जर्मनीच्या एक तास मागे, तेवढाच फायदा. विमानतळावरून मेट्रो थेट शहरात येते, टॅक्सीच्या रांगेत उभं राहू नका. संध्याकाळी अल्कांतारा भागातल्या ओरिएंट म्युझियमला गेलो, कारण शुक्रवारी सहा ते आठ तिथे प्रवेश फुकट असतो (आम्ही गेलो तेव्हा तरी होता). इमारत पूर्वी खारवलेल्या सुक्या कॉड माशाचं गोदाम होती. हे कळल्यावर आईने मुद्दाम नाक वर करून वास घेतला. "येत नाही," म्हणाली, जरा निराशेनेच. आशियाभरचे मुखवटे, सावल्यांच्या खेळातल्या चामड्याच्या बाहुल्या असं बरंच होतं, पण दोन तासांत पाय बोलायला लागले.

शनिवार बेलेमचा. १५ नंबरची ट्राम नदीच्या कडेकडेने जाते. जेरोनिमोस मठापाशी साडेनवाला पोचलो आणि चाळीस मिनिटं चुकीच्या रांगेत उभे राहिलो. चूक आमचीच, पण तुम्ही करू नका: चर्च फुकट आहे आणि त्याची रांग वेगळी, आतल्या चौकाला तिकीट आहे आणि त्याची रांग वेगळी. वेळेचं तिकीट आधी काढून ठेवा.

चर्चमध्ये पाऊल टाकल्यावर मी गप्प. आई मात्र नाही. आठकोनी, सडपातळ, कोरीव खांब सरळ वर जातात आणि छताला भिडताना झावळ्यांसारखे फुटतात. "ही पोफळीची बाग आहे रे," आई म्हणाली. रेवदंड्यात वाढलेल्या माणसाला दुसरं काही सुचणारच नाही, आणि आता मलाही ते दुसरं काही दिसत नाही. मुख्य गाभाऱ्यात राजा मॅन्युएल आणि त्याच्या मुलाच्या शवपेट्या आहेत, त्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर. हत्ती! युरोपातल्या राजाला मेल्यावर उचलून धरायला हत्ती लागले.

दाराजवळ वास्को द गामा. दगडी शवपेटीवर त्याची आडवी मूर्ती, हात जोडलेले, बाजूला कोरलेलं गलबत. समोरच्या बाजूला कवी कामोंइश. आईने वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतलं होतं, १४९८, कालिकत, वास्को द गामा. ती बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं काहीतरी गंभीर बोलेल. तर म्हणाली, "एवढा खटाटोप, मिऱ्यांसाठी!"

चौकाच्या दोन मजली कमानींवर दगडात दोरखंड, गाठी, समुद्रातली झुडपं कोरली आहेत. आईने एका दोरावरून हात फिरवला (हात लावू नये, मला माहीत आहे) आणि म्हणाली, सुंभ वळणाऱ्याने काम केलंय. मठ बांधायला १५०१ च्या सुमारास सुरुवात झाली आणि पैसा आला तो आफ्रिका नि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. त्याला मिऱ्यांचा विसावा हिस्सा म्हणत. म्हणजे त्या पोफळींच्या मुळाशी आमची मिरवेल आहेच.

बेलेमचा बुरूज बाहेरूनच पाहिला. आत एकच अरुंद गोल जिना, आणि आईचे गुडघे. त्याच्या आधी नदीकाठी ते 'शोधांचं स्मारक' लागतं. खाली फरशीत जगाचा मोठा नकाशा आहे. आई चष्मा पुढेमागे करत चौल शोधत राहिली. मग कस्टर्डचे पेढे. १८३७ पासून तिथेच बनतात. बाहेरची रांग पाहून पळू नका, आत बसायला दालनंच्या दालनं आहेत आणि तिथे लवकर जागा मिळते. वर दालचिनी भुरभुरवून घ्यायची.

दुपारी प्राचीन कला संग्रहालय. रस्त्याचं नाव 'हिरव्या खिडक्यांचा रस्ता'. एकच संग्रहालय पाहायला वेळ असेल तर हे पाहा. बॉश या चित्रकाराचं 'संत अँथनीची प्रलोभनं' तिथे आहे. त्यासाठी लोक येतात ते बरोबरच, पण आम्ही रेंगाळलो ते दुसरीकडे. एका कपाटात १५०६ चं सोन्याचं पूजापात्र, 'बेलेमची कुस्तोदिया'. ते सोनं वास्कोने दुसऱ्या सफरीत आफ्रिकेतल्या किल्वाच्या राजाकडून खंडणी म्हणून आणलं. आजूबाजूला बारा प्रेषित गुडघे टेकून बसलेत, अंगठ्याएवढे, आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा.

आणि मग हस्तिदंती 'भला मेंढपाळ'. गोव्यातल्या कारागिरांनी सतराव्या शतकात घडवलेला बाल येशू. डोंगराच्या उतरंडीवर बसलाय, डोळे मिटलेले, गालाला हात, मांडीवर मेंढरू, खाली झरा आणि प्राणी. आई बाकावर बसली ती उठेचना. "सांगितलंय येशू करायला, हाताला येतोय तो कृष्ण. कारागीर बिचारा काय करणार?" जवळच इंडो-पोर्तुगीज कपाटं आहेत, त्यांचे पाय म्हणजे नागकन्या. संग्रहालयामागच्या बागेत बसून कॉफी घ्या, खाली तेजो नदी दिसते.

रविवारी सकाळी किल्ला (मोर आहेत, नजारा आहे, चढ आहे, पुरे). मग कॅथीड्रलला लागून असलेलं आल्ज्यूब. हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीतला राजकीय कैद्यांचा तुरुंग, २०१५ पासून संग्रहालय. एकांतकोठड्या जेमतेम आडवं होण्याइतक्या. त्यांच्या गुप्त पोलिसांचं नाव होतं 'पीडे'. आई म्हणाली, "नाव तरी प्रामाणिक ठेवलंय." पण नंतर ती गप्प झाली. तिला मोहन रानडे आठवले. सांगलीचा माणूस, गोवा मुक्तीसाठी गेला, १९५५ मध्ये पकडला गेला, इकडे आणून लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात ठेवला. गोवा १९६१ ला सुटला, रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. आई तेव्हा सातवीत. गुरुजींनी वर्गात पेढे वाटले होते म्हणे. काशियश आल्ज्यूबमध्ये नाही, समुद्रकाठच्या लोकलवरचं स्टेशन आहे. संध्याकाळी आम्ही ती लोकल पकडली. नुसते स्टेशनवर उतरलो, आईने इकडेतिकडे पाहिलं, पुढच्या गाडीने परत. पाहण्यासारखं काही नाही. तरी गेलो.

सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद. कार्मो मात्र उघडं असतं (ते रविवारी बंद). १३८९ चा मठ, १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात छत कोसळलं ते परत घातलंच नाही. उघड्या आभाळाखाली नुसत्या कमानी. आत छोटं पुरातत्त्व संग्रहालय, त्यात पेरूच्या दोन ममी. आईने वर पाहिलं आणि मला रेवदंड्याच्या सातखणी मनोऱ्याची, आमच्या छप्पर उडालेल्या चर्चांची आठवण करून दिली. "तसंच आहे अगदी. फक्त आपल्याकडे उंबर उगवलाय आणि इथे तिकीट लावलंय."

बायकोने हिशोब ठेवला होता, आईला दुकानांच्या पाट्यांवर आणि मेन्यूत ओळखीचे शब्द किती सापडतात त्याचा. पाव, बटाटा, चावी, अननस, कोबी, मेज, फीत, लिलाव, पगार. एका हार्डवेअरच्या दुकानात घमेलंही सापडलं.

---

पोर्ट्रेट मोड

फोटो कुठे आहेत? फोटोशिवाय प्रवासवर्णन म्हणजे फाऊल.

माडाची वाडी

फोटो आईच्या फोनमध्ये आहेत आणि आई रेवदंड्यात आहे. पाठवलेत तेवढ्यात मेंढपाळाचे अकरा आणि माझा एक, त्यात डोकं कापलंय.

खडूस काका

लेखन छान, पण खटकलं ते लिहितो. हे सगळं 'वा वा' करत पाहायचं म्हणजे चोराच्या घरी जाऊन तिजोरीची नक्षी पाहण्यासारखं नाही का? ते शोधांचं स्मारक तर सरळ सरळ सालाझारचा प्रचार आहे. १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभं केलं, १९६० मध्ये पक्कं बांधलं. आणि तुमच्या मातोश्री ज्या फरशीवर चौल शोधत होत्या ती दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने दिलेली भेट. साल १९६०, म्हणजे कुठलं सरकार (वर्णभेदवालं) ते समजून घ्या. मी वीकेंडला क्राकोव्हला गेलो. निदान तिथे कुणी आपल्याला लुटलं नव्हतं.

माडाची वाडी

काका, क्राकोव्ह पाहायचंय, विषयच नाही. पण चोराच्या तिजोरीतला ऐवज आपला असेल तर तो बघायला जायलाच हवं की. स्मारकाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. म्हणूनच बेलेमच्या दुसऱ्या दिवशी आल्ज्यूब ठेवलं. नुसतं बेलेम पाहून परत आलो असतो तर आईला पोर्तुगाल म्हणजे दोरखंड आणि कस्टर्ड एवढंच कळलं असतं.

दफ्तरदार

धागा आवडला. वाचनखूण साठवली. एक दुरुस्ती आणि दोन पुरवण्या.

दुरुस्ती: नाव जरी 'मिऱ्यांचा विसावा' असलं तरी खुद्द मिरी, दालचिनी आणि लवंग या कराबाहेर होती. त्यांचं उत्पन्न थेट राजाच्या खजिन्यात जायचं. मठ उभा राहिला तो बाकीच्या मालावरच्या पाच टक्क्यांतून. तेव्हा पोफळींच्या मुळाशी मिरवेल नाही, हे आईंना नम्रपणे सांगा.

पुरवणी एक: वास्को मेला कोचीला, २४ डिसेंबर १५२४ ला. तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरला. अस्थी पोर्तुगालला नेल्या १५३९ मध्ये, त्याच्या जहागिरीच्या गावी. जेरोनिमोसमध्ये त्या आल्या १८८० ला, आणि ती शवपेटीही एकोणिसाव्या शतकातलीच. म्हणजे दाराशी जो थाट दिसतो तो समकालीन नाही, साडेतीनशे वर्षांनी पूर्वजांची आठवण झाल्यावर केलेला आहे. किल्वाच्या सोन्यासोबत त्याच दुसऱ्या सफरीतली दुसरी गोष्टही लक्षात ठेवावी: १५०२ मध्ये मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं 'मीरी' जहाज त्याने माणसांसकट जाळलं. ते पूजापात्र पाहताना मला तेच आठवत होतं.

पुरवणी दोन, माझी आवडती: बुरुजाच्या आत नाही गेलात तरी हरकत नाही, पण एका कोपऱ्यातल्या छोट्या टेहळणी बुरजाखाली गेंड्याचं डोकं कोरलंय, ते पाहिलंत का? वाऱ्यापावसाने झिजलंय, सांगितल्याशिवाय गेंडा वाटत नाही. गोष्ट अशी. पोर्तुगीजांचा इथला गव्हर्नर आल्बुकर्क, त्याला दीवला किल्ला बांधायची परवानगी हवी होती. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशाहने परवानगी दिली नाही, गेंडा दिला. आल्बुकर्कने तो गोव्याहून राजाला धाडला. २० मे १५१५ ला लिस्बनमध्ये उतरला. रोमन काळानंतर युरोपात आलेला हा पहिला जिवंत गेंडा. राजाने हत्तीशी झुंज लावली, हत्ती गेंडा पाहताच पळाला. मग पोपला भेट म्हणून रवाना केला, तर वाटेत इटलीच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि साखळदंडात असल्याने बिचारा बुडाला. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने न पाहताच, वर्णनावरून त्याचं चित्र काढलं आणि पुढची कित्येक वर्षं युरोपला गेंडा तसाच वाटत राहिला, अंगावर चिलखताचे पत्रे असलेला.

उंटावरची शहाणी

किल्ला मागितला आणि गेंडा मिळाला!! सरकारी कामात अजूनही हेच होतं.

माडाची वाडी

दफ्तरदार, दंडवत. आईला फोनवर सांगितलं. मिरीची दुरुस्ती तिने मान्य केली नाही. म्हणते, "मिऱ्यांच्या पैशाने राजा जगत होता म्हणून बाकीचा कर देवाला देता आला. घरखर्च चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचार." गेंडा पाहिला नाही. त्याबद्दल मला बोलणी बसली आहेत.

सुंगटाचें हुमण

देव बरें करूं! स्विंडनहून लिहितोय. इथे आमच्या गोंयकारांची मोठी वसाहत आहे, बहुतेक सगळे पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. मीही त्यातलाच. आजोबा जन्मले पोर्तुगीज अमलात, म्हणून नातवाला कागद मिळाला. त्याच कागदांसाठी लिस्बनला तीनदा जावं लागलं. एका खिडकीवरून दुसऱ्या, दुसरीवरून पहिल्या. प्रत्येक वेळी मधल्या वेळात एकेक म्युझियम पाहिलं, तेव्हा त्या खिडक्यांचे उपकार.

खडूस काकांना सांगायचंय, आमच्या घरात दोन्ही बाजू होत्या. एका आजोबांना फाडू, म्हणजे ती पोर्तुगीज गाणी (हो, आम्ही फाडूच म्हणतो), ऐकल्याशिवाय जेवण जात नसे, दुसऱ्या आजोबांचा भाऊ सत्याग्रहात मार खाऊन आलेला. एकाच सोफ्यावर बसायचे. तेव्हा 'लुटारू' म्हटलं की विषय संपतो, असं आमच्याकडे होत नाही. पण त्या स्मारकाखाली मलाही गुदमरल्यासारखंच झालं.

आल्ज्यूबला कार्मोची जोड द्या. १७५५ च्या भूकंपासाठी सगळे तिथे जातात, पण २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीत सालाझारचा वारस कायतानु ज्या निमलष्करी मुख्यालयात लपला आणि शरण आला ते मठाला लागूनच आहे, त्याच चौकात. ती हुकूमशाही पडली म्हणून तर त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करार करून मान्य केलं. तेरा वर्षं उशिरा. तोवर त्यांच्या लेखी आम्ही त्यांचंच 'राज्य' होतो.

अवांतर: कॅफेत 'शामुसा' मागा. आपला सामोसा, आमच्या लोकांनी तिथे नेलेला. आत बहुतेक वेळा खिमा असतो, शाकाहारी लोकांनी विचारून घ्या.

आणि मेंढपाळाच्या कारागिरांवरून आठवलं: गोव्याचा रावळू शेट नावाचा सोनार सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिस्बनला जाऊन राजासाठी काम करून आला होता. आमचा माणूस तेव्हाच 'ऑनसाईट' गेलेला.

पोर्ट्रेट मोड

ऑनसाईट :D :D त्याचं अप्रेझल काय झालं असेल?

एक प्रश्नचिन्ह

मस्त धागा. आता व्यवहाराचं बोलू. आम्ही दोघं आणि सासू-सासरे, वय ७० आणि ७४, सासूबाई शाकाहारी. आम्ही लंडनजवळ राहतो. (१) भारतीय पासपोर्टला व्हिसा लागेल ना? (२) चढ किती भयंकर आहे? (३) सासूबाई काय खातील? (४) २८ नंबरची ट्राम घ्यायचीच असते का?

उंटावरची शहाणी

लिस्बनला दोन वर्षं शिकायला होते, मी सांगते.

व्हिसा लागतो, शेंगेन. ब्रिटनमधलं राहण्याचं कार्ड चालत नाही. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, आजच बघा.

चढ भयंकर आहेत. त्याहून भयंकर ते पांढरे-काळे गुळगुळीत दगड, पाऊस पडला की शेवाळलेल्या विहिरीच्या पायऱ्या समजा. बूट घट्ट तळव्याचे हवेत. पण गुडघ्यांसाठी एक युक्ती: बायशा-शियादू मेट्रो स्टेशनला लांबलचक सरकते जिने आहेत. खालच्या सपाट भागातून स्टेशनात शिरायचं आणि वरच्या शियादूच्या दाराने बाहेर पडायचं, अख्खा चढ वाचतो. तिथून कार्मो चार पावलांवर. सांता जुश्ताच्या त्या लोखंडी लिफ्टसाठी लोक तासभर उभे असतात. तिचं वरचं टोक कार्मोच्या बाजूला निघतं, म्हणजे तुम्ही आधीच वर पोचलेले असाल. सासऱ्यांना वरूनच लिफ्ट दाखवा.

खाणं: भाज्यांचं सूप जवळपास प्रत्येक साध्या खाणावळीत मिळतं. कोबीच्या जातीच्या पानांचं हिरवं सूप प्रसिद्ध आहे, पण त्यात सॉसेजची चकती टाकतात, 'नको' म्हणून सांगा. पाव, चीज, ऑलिव्ह आपोआप टेबलावर येतात. ते फुकट नसतात, खाल्लेत तर बिलात लागतात. नको असेल तर हात न लावता परत करा.

२८: सकाळी लवकर किंवा नाहीच. दुपारी ती ट्राम म्हणजे सहाची विरार, आणि खिसेकापू तेवढेच. माझा फोन तिथेच गेला.

वसईची बावखल

विरारचं नाव निघालं म्हणून वसईकर हजर. :)

माडाची वाडी, त्याच हिरव्या खिडक्यांच्या संग्रहालयात जपानी पडदे पाहिलेत का? घडीचे मोठे, सोनेरी पार्श्वभूमीचे, नांबान म्हणतात. पोर्तुगीजांचं काळं जहाज नागासाकीला लागतंय, फुगीर विजारी घातलेले लांब नाकाचे लोक उतरताहेत, सोबत सावळे खलाशी, पाद्री, घोडे. जपानी चित्रकाराने गंमत म्हणून पाहिलेले परके. मी त्यापुढे उभी होते तेव्हा मला आमचा गोन्सालो गार्सिया आठवला. वसईत जन्मलेला, बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जपानला गेला, धर्मप्रसारक झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर चढवला गेला. १८६२ मध्ये संतपद मिळालं. पहिला भारतीय संत म्हणतात त्याला. त्या पडद्यावरच्या गर्दीत असा एखादा वसईकर असेल, असं उगाच वाटत राहिलं.

दुसरं, किल्ला आम्ही त्यांच्याकडून १७३९ ला घेतला (आम्ही म्हणजे चिमाजी अप्पांनी, आणि 'आम्ही' म्हणताना माझ्यासारख्या वसईच्या ख्रिश्चनाची जीभ दोन दिशांना जाते, हे सुंगटवाल्यांना कळेल). किल्ल्यातली छप्पर नसलेली चर्चं बघत मोठी झाले. कार्मोत गेल्यावर मलाही अगदी तुमच्या आईसारखंच वाटलं. फरक एवढाच, कार्मोचं छत भूकंपाने गेलं.

सुंगटाचें हुमण

बावखलताई, कळतं. जीभ दोन दिशांना जाते, जेवण मात्र एकाच दिशेने.

तिरकीट धा

सगळं वाचलं. माझा प्रश्न: सिंत्राला का नाही गेलात? लिस्बनला जाऊन सिंत्रा नाही म्हणजे पुण्याला जाऊन सिंहगड नाही.

माडाची वाडी

साडेतीन दिवस, अडुसष्ट वर्षांची आई, आणि त्या राजवाड्याचा चढ. शिवाय ते रंगीत राजवाडे एकोणिसाव्या शतकातले. आईला सोळाव्यात रस होता.

दफ्तरदार

सिंत्रामध्ये सोळाव्या शतकातलंही आहे, आणि आपल्याकडचंही. दीवच्या १५४६ च्या वेढ्यात नाव काढलेला व्हाइसरॉय जुआंव द काश्त्रु, त्याची तिथे वाडी आहे. सोमनाथ पाटणचा एक संस्कृत शिलालेख तिथे नेऊन ठेवला होता. अभ्यासकांत तो 'सिंत्रा प्रशस्ती' म्हणूनच ओळखला जातो, विक्रम संवत १३४३, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला. शैव मठाधिपतीची स्तुती, आणि पत्ता पोर्तुगालमधल्या बागेचा. जागा खासगी आहे, तेव्हा उठून दार वाजवू नका.

खडूस काका

तेच म्हणतोय मी. तिजोरी.

(पण गेंडा पाहायला जाईन म्हणतो.)

उंटावरची शहाणी

काकांनी तिकीट काढलं की धागा यशस्वी. काका, बुरुजाच्या आत शिरायची गरज नाही, ओहोटीच्या वेळी जा, पाणी मागे सरलं की खालून बघायला बरं पडतं. आणि गर्दीत वर बघत उभे राहिलात तर पाकीट पुढच्या खिशात.

माडाची वाडी

आईचा आवाजी निरोप आलाय, उतरवून देतो: "सगळ्यांना नमस्कार. मुलाने लिहिलंय त्यात एक राहिलं. कार्मोच्या बाहेर जांभळ्या फुलांचं मोठं झाड होतं, जॅकरांडा. तिथे एक बाई काहीतरी खात होती, मी काय ते विचारलं, तिने पुडीच पुढे केली. लुपिनचे दाणे होते, खारट, साल काढून खायचे. मला मराठीत बोललं तरी तिला कळत होतं असं वाटलं. वसईच्या मुलीला सांग, सातखणी बघायला ये, जेवायलाच ये."

वसईची बावखल

काकी, नक्की येते. बोंबील आणू का सुके?

एक प्रश्नचिन्ह

उंटावरची शहाणी, खूप आभार. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली, दीड महिन्यानंतरची. आराखडा असा: शनिवारी दुपारी पोचतो, आल्याआल्या हिरव्या खिडक्या. रविवारी बेलेम, सोमवारी आल्ज्यूब आणि कार्मो, संध्याकाळचं विमान. बरोबर आहे ना?

उंटावरची शहाणी

आल्ज्यूब सोमवारी बंद! बेलेमहून दुपारपर्यंत परत या आणि रविवारीच ते उरका. कार्मो सोमवारी ठीक.

एक प्रश्नचिन्ह

अरे देवा. बदलतो. सासऱ्यांनी सगळं वहीत शाईने लिहून काढलंय.